सर्व संबंधितांस कळविण्यात येते की

सोलापूर सोडून तुळजापूरकडे निघालं की तामलवाडीच्या टोलनाक्याजवळ गाडीचा वेग कमी होतो आणि तिथून रस्त्याच्या दोन्ही बाजू तुमच्याशी बोलायला लागतात. पंक्चरवाला जुन्या टायरवर पांढऱ्या रंगानं लिहून बोलतो, रसवंतीवाला घुंगरं वाजवून बोलतो, फ्लेक्सवरचे भावी सरपंच हात जोडून गप्प उभे असतात तेवढेच. गाव तुळजापूर तालुक्यातलं, पण बाजारहाट, दवाखाना, कॉलेज सगळं सोलापूरला. त्यामुळे एकाच वाक्यात मराठवाड्याचं ‘काय की’ आणि सोलापूरचं ‘बे’ गुण्यागोविंदानं नांदतात. इथल्या व्यापाऱ्याला ग्राहकाशी संवाद कसा साधावा हे शिकवायला कुणी आलाच, तर त्याला चहा पाजून, त्याच्या आजोळचा माणूस आपल्या पाहुण्यांतला निघतो हे सिद्ध करून आणि वर दोन गोण्या खत त्याच्या गळ्यात मारून परत पाठवतील.

तरीही असा एक शिकवणारा आला होता. बाहेरचा नव्हता, घरातलाच होता. आमच्या तात्यांचा भाचा.

भाचा ही संस्था आधी समजून घ्यायला हवी. मराठी माणसाच्या धंद्यात नवं यंत्र आलं की ते मालकाला येत नाही, भाच्याला येतं. फॅक्स भाच्याला यायचा, टॅली भाच्याला यायचं, आता क्यूआर कोड भाच्याला येतो. मुलाला का नाही येत? मुलाला सांगितलं तर तो उलटून बोलतो. भाचा मामाच्या घरी जेवतो, म्हणून ऐकतो. आमचा भाचा सोलापूरला शिकायला होता, एमएस-सीआयटी करून झाली होती आणि सुट्टीत त्याला करण्यासारखं काही नव्हतं. २००६ सालच्या आसपासची ही गोष्ट.

त्याच सुमारास तिकडं जगातल्या मोठ्या कंपन्यांना साक्षात्कार झालेला होता की आपण माणसासारखं बोलत नाही. त्याची सुरुवात १९९९ मध्ये झाली. अमेरिकेत चौघांनी मिळून ‘क्लूट्रेन मॅनिफेस्टो’ नावाचा जाहीरनामा काढला. बाजार म्हणजे शेवटी माणसांचं आपसातलं बोलणं, तेव्हा कंपन्यांनो, छापील भाषा सोडा आणि सरळ बोला, असा त्याचा सूर. एवढं सांगायला त्यांना ९५ कलमं लागली, यावरून तिथल्या बाजाराची काय अवस्था असेल ते कळतं. आपल्याकडं मेथीच्या एका जुडीवरून भाजीवालीशी होणारी बोलाचाली ऐकली असती, तर दोन-तीन कलमांत भागलं असतं.

जाहीरनाम्याच्या जोडीला हत्यारंही आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीनं ‘ब्लॉगर’ सुरू केलं. २००१ मध्ये ‘मूव्हेबल टाइप’ आलं, २००३ मध्ये ‘वर्डप्रेस’ आलं आणि त्याच वर्षी गुगलनं ब्लॉगर विकत घेतलं. जानेवारी २००५ मध्ये जनरल मोटर्सचे उपाध्यक्ष बॉब लुट्झ स्वतः ब्लॉग लिहायला बसले. त्याच महिन्यात शेल होल्ट्झ आणि नेव्हिल हॉबसन या दोघांनी, एकानं कॅलिफोर्नियात आणि दुसऱ्यानं नेदरलँड्समध्ये बसून, ‘फॉर इमीडिएट रिलीज’ हा पॉडकास्ट सुरू केला. तो कंपन्यांच्या जनसंपर्कवाल्यांसाठीच होता. म्हणजे जे लोक बोलण्याचाच पगार घेत होते, त्यांनी बोलावं कसं हे सांगणारा कार्यक्रम. सगळ्याचा मथितार्थ एकच. कोट-टाय घातलेल्या भाषेचं वरचं बटण काढायचं.

आमच्याकडं भाषेचं वरचं बटण मुळात कधी लावलेलंच नव्हतं. आता तात्यांचं बघा. त्यांचं कृषी सेवा केंद्र. दुकानापुढं एक बाकडं. शेतकरी यायचा, शर्टाच्या खिशातून सोयाबीनचं सुकलेलं पान काढून काउंटरवर ठेवायचा. तात्या पान उचलायचे, उलटं करून उजेडाला धरायचे आणि औषधाचं नाव काढायच्या आधी विचारायचे, “आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?” मग पाणी कधी दिलं, शेजाऱ्याच्या रानात काय परिस्थिती आहे, आधी कुणाच्या सांगण्यावरनं काय मारलं, असं सगळं काढून घ्यायचे. शेवटी म्हणायचे, “काय नको मारू आत्ता. उगं पैसा जातोय. चार दिस थांब, पाऊस उघडू दे.” गिऱ्हाईक काहीही न घेता जायचं आणि पुढच्या हंगामाचं सगळं बियाणं याच दुकानातून न्यायचं. मॅनिफेस्टोवाल्या चौघांना जे म्हणायचं होतं, ते हेच असणार. आणि वर या माणसाला भाच्यानं सांगितलं, “मामा, लोकांशी कनेक्ट व्हायला ब्लॉग पायजे.”

ब्लॉगरवर लिहिलेलं असायचं की तीन सोप्या पायऱ्यांत ब्लॉग तयार होतो. खातं उघडा, नाव द्या, टेम्प्लेट निवडा. यात खोटं काही नव्हतं, फक्त तीनच्या आधीच्या पायऱ्या त्यांनी धरल्या नव्हत्या. पहिली म्हणजे वीज. मग टेलिफोनच्या तारेतून किरकिरत येणारं इंटरनेट. आणि मग मराठी. विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण झोपलेली. तिला उठवायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एका चौकटीत खूण करावी लागायची. खूण केली की मशीन म्हणायचं, एक्सपीची सीडी घाला. आता सीडी होती सोलापूरच्या त्या माणसाकडं ज्यानं कॉम्प्युटर जोडून दिला होता, आणि तो मेहुण्याच्या लग्नाला अक्कलकोटला. तोपर्यंत पडद्यावरच्या मराठीत वेलांट्या अक्षराला सोडून गेलेल्या. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला, एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून उभी. ‘बियाणे’ या शब्दाकडं तात्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्याला रोग कुठला पडलाय?”

त्या काळात मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाची ही अशीच कथा होती. दुकानाचं हँडबिल सोलापुरातल्या डीटीपीवाल्यानं श्रीलिपीत केलेलं. त्याच्याकडून फाइल आणून ब्लॉगवर चिकटवली, तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. तेव्हा रोमन कळा दाबून देवनागरी उमटवणारं ‘बरहा’ होतं, ओंकार जोशींचं ‘गमभन’ होतं. अशा लोकांनी हे काम फुकटात करून ठेवलं नसतं, तर मराठी ब्लॉग बहुधा ‘अमुक अमुक पोर्टलवर आपले स्वागत’ एवढ्यावरच राहिला असता. भाच्यानं बरहा उतरवून घेतलं, नारिंगी बटणाचं ब्लॉगर उघडलं आणि म्हणाला, “हां मामा, सांगा आता. मी टाइप करतो.”

इथं खरी गंमत झाली.

तात्यांनी आधी टोपी सारखी केली. मग शर्टाचं वरचं बटण लावलं, खरोखर लावलं. खुर्चीत ताठ झाले. बाकड्यावर बसून ‘आरं लेका’ करणाऱ्या माणसाच्या तोंडून आवाज आला, “सर्व शेतकरी बांधवांस कळविण्यात येते की, आमचे येथे सर्व नामांकित कंपन्यांची खते, बी-बियाणे व कीटकनाशके योग्य दरात मिळतील. तरी सर्वांनी लाभ घ्यावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू.”

“मामा, असं नाही. तुम्ही बाकड्यावर बोलता तसं सांगा.”

“बोलतो तसं लिहायला काय तमाशा आहे का?”

मला तात्यांची बाजू बरोबर वाटते. माणसानं आयुष्यात लिहिलेलं काय काय पाहिलं असतं? सातबारा, सोसायटीची थकबाकीची नोटीस, तहसीलचं पत्र, वीजबिलामागच्या सूचना आणि लग्नपत्रिका. यातलं एकही माणसासारखं बोलत नाही. लग्नपत्रिकेसारख्या आनंदाच्या कागदावरसुद्धा आपण ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ म्हणून सुरुवात करतो, जणू मुलीचं लग्न जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं लागतंय. लिहिणं म्हणजे वर्दी चढवणं, हे आपल्याला सात पिढ्यांत पक्कं शिकवलेलं आहे. अमेरिकेतली यंत्रं ताठ माणसाला सैल करायला निघाली होती. ती आमच्याकडं आली आणि गावातल्या सर्वांत सैल माणसाला त्यांनी ताठ केलं.

पहिला लेख चढला. महिन्याभरानं दुसरा चढला, ‘कामाच्या व्यापामुळे बरेच दिवस लिहिणे झाले नाही, क्षमस्व. लवकरच सविस्तर माहिती देऊ.’ तिसरा नाही. यात तात्यांचा काही विशेष दोष नाही. त्या वर्षांतल्या धंदेवाईक ब्लॉगांची बहुसंख्य चरित्रं दोनच लेखांत आटोपतात, एक स्वागताचा आणि एक माफीचा. ब्लॉगरनं मात्र कुणाला काही भाडं मागितलं नाही, त्यामुळे त्यातले बरेच अजून उभे आहेत. तात्यांचा ब्लॉगही आहे. माथ्यावर ‘मु. पो. तामलवाडी, जि. उस्मानाबाद’. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. रस्त्यावरच्या पाट्या रंगवल्या, कचेरीतले शिक्के बदलले. ब्लॉगवरचा जिल्हा बदलायला पासवर्ड लागतो आणि तो भाच्याला आठवत नाही.

मग पॉडकास्ट. हे खूळ त्यावेळी नवंकोरं होतं. डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस आरएसएस फीडला ध्वनीची फाइल बांधायची सोय करून ठेवली होती. एमटीव्हीवरचे जुने निवेदक अॅडम करी यांनी २००४ मध्ये ती फाइल आपोआप आयपॉडवर उतरवण्याचा खटाटोप केला. जून २००५ मध्ये अॅपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टचं दुकान मांडलं आणि दोन दिवसांत दहा लाखांवर वर्गण्या झाल्याचं जाहीर केलं. भाच्यानं हे सगळं कुठंतरी वाचलेलं. लिहिताना मामा ताठ होतात ना, मग बोलू द्या त्यांना. विचार अगदीच चुकीचा नव्हता.

साधनं फुकट होती, पण सरळ एकही नव्हतं. आवाज घ्यायला ऑडॅसिटी. तिच्यात रेकॉर्ड झालेलं एमपी३ करायला गेलं की ती म्हणायची, माझ्याकडं ते यंत्र नाही, पेटंटचा प्रश्न आहे, ‘लेम’ नावाची फाइल वेगळी आणा. फाइल आणली, तर ती ठेवली कुठं हे ऑडॅसिटीला बोट धरून दाखवायला लागायचं. मग चढवणं. दहा मिनिटांचं बोलणं हलक्या दर्जाचं केलं तरी पाच एमबीच्या घरात जायचं. टेलिफोनच्या मोडेमचा चढता वेग सेकंदाला ३३.६ किलोबिट, तोही कागदावर. म्हणजे सगळं सुरळीत असेल तर वीस मिनिटं. सुरळीत म्हणजे भारनियमन नसेल, तारेवर माकड नसेल आणि मध्येच कुणी घरातून फोन उचलून ‘हॅलो’ म्हणालं नसेल तर. आणि या वीस मिनिटांत दुकानाचा फोन एंगेज. गिऱ्हाइकाशी संवाद वाढावा म्हणून जे काही चाललं होतं, ते चालू असेपर्यंत गिऱ्हाइकाचा फोन लागत नव्हता. काक्रंब्याहून एक जण दोनदा फोन करून, न लागल्यामुळं शेवटी मोटरसायकलवर आला आणि म्हणाला, “तात्या, बिल भरलं नाई काय फोनचं?”

बोलतानाही तात्या तात्या राहिले नाहीत. लहानपणापासून कान आकाशवाणीवर वाढलेले. माइक पुढं आला की आधी ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’, आणि तेही नंतर कापू द्यायला तयार नाहीत, कारण ती प्रथा आहे. त्यानंतर घोगरा, संथ, बाजारभाव वाचणारा आवाज. शब्दाशब्दात अंतर. ‘शेतकरी मित्रहो’ ही हाक त्यांनी बाकड्यावरच्या एकाही शेतकऱ्याला जन्मात मारली नव्हती. बाकड्यावर ते ‘का बे, कुठं मेलतास’ म्हणायचे.

तरी कार्यक्रम तयार झाला. सोयाबीनवरच्या चक्री भुंग्याबद्दल होता. आता ऐकणार कोण? भाच्यानं गिऱ्हाइकाला समजावलं की आधी आयट्यून्स घ्यायचं, मग वर्गणी लावायची, मग ते आपोआप येतं, मग कधीही ऐकायचं. गिऱ्हाइकानं शांतपणे विचारलं, “म्हंजी कॉम्प्युटर लागतोय व्हय? आमच्याकडं कुठला कॉम्प्युटर. हितंच लाव की मग, हितंच ऐकतो.”

आणि पुढची दहा मिनिटं हे असं घडलं. कॉम्प्युटरच्या दोन डबडा स्पीकरांतून तात्या चक्री भुंग्याची माहिती देत होते. समोर गिऱ्हाईक कान देऊन बसलं होतं. शेजारी खरे तात्या, आपलाच कार्यक्रम चालू असताना मध्ये बोलायचं नाही म्हणून, तोंडावर बोट ठेवून बसले होते. मध्येच गिऱ्हाइकाला शंका आली. त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी स्पीकरकडं बोट दाखवलं.

या प्रयोगाचे बाकीचे भाग निघाले नाहीत, हे सांगायला नको.

या सगळ्याच्या आधीपासून आणि नंतरही रस्त्यावर जे यंत्र बिनबोभाट चालत होतं, म्हणजे बोभाटा करतच चालत होतं, ते म्हणजे आहुजाचा भोंगा. टमटमच्या टपावर दोन भोंगे, आत अॅम्प्लिफायर, एको देणारी कळ शेवटपर्यंत पिळलेली आणि सोलापुरातून भरून आणलेला आवाज, ‘खुशखबर, खुशखबर, खुशखबर’. त्याला ना वर्गणी, ना पासवर्ड. कोजागरीला तर या विद्येचा कस लागतो. सोलापूरकडून आणि पलीकडं कर्नाटकातून माणसं रात्रभर चालत तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघतात, वाहनं दुसरीकडून वळवतात आणि आख्खा रस्ता पायांचा होतो. कडेला मांडव, मोफत चहा, केळी, तळपायाला लावायला मलम. प्रत्येक मांडवाचा भोंगा वेगळा. एकात आराध्यांची गाणी, दुसऱ्यात ‘निळा शर्ट घातलेले पाहुणे जिथं असतील तिथून चहाच्या मांडवापाशी यावे’, तिसऱ्यात मांडव देणाऱ्या दुकानदाराचं नाव, पत्ता आणि स्थापना वर्ष. जनसंपर्काच्या पुस्तकात ज्याला योग्य वेळी योग्य श्रोत्यापर्यंत पोचणं म्हणतात, ते इथं चहाच्या कपाबरोबर पोचतं. फक्त एक आहे. भोंग्याला उलट बोलता येत नाही. आमच्या व्यापाऱ्यांना तो आवडतो त्याचं एक कारण तेही असावं. दिवसभर बाकड्यावर माणसं उलट बोलतच असतात, वर्षातून एखादा दिवस तरी एकतर्फी मिळावा.

आणि पॉडकास्ट उतरवून घ्यायची खरी सोय आमच्याकडं मोबाइलच्या टपरीवर झाली. मेमरी कार्ड द्यायचं, पाच-पंचवीस रुपये द्यायचे, तो पोरगा कीर्तनं, गोंधळ, डीजे आणि एखादं भाषण असं कार्ड गच्च भरून द्यायचा. वर्गणी, डाउनलोड, निवड, सगळं त्याच्याकडं. ट्रॅक्टरच्या मडगार्डावर चायना मोबाइल बांधून, नांगरट करता करता दोन तासांचं कीर्तन ऐकणारा माणूस कुठल्याही व्याख्येनं पॉडकास्टचा श्रोता होता. फक्त कुठल्याही मोजणीत तो धरला गेला नाही.

तात्या पुन्हा तात्या झाले ते व्हॉट्सअॅपवर. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथं आवाजाचा निरोप पाठवायची सोय आली. आमच्याकडं ती रुळायला स्वस्त डेटा यावा लागला. अंगठा दाबून धरायचा आणि बोलायचं. टेस्टिंग नाही, बटण लावणं नाही. समोर ‘शेतकरी मित्रहो’ नसतात, एक माणूस असतो, नावानिशी. पानाचा फोटो आला की तात्या अंगठा दाबतात. “आरं, उलटी बाजू दाव की. वरनं काय दिसतंय मला. आन् आईला घेऊन गेलतास का सोलापूरला?” पाच-पाच मिनिटांचे निरोप. मागं ट्रकचा हॉर्न, चहा आणणाऱ्या पोराला दिलेली शिवी, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत, सगळं त्यात येतं. हे निरोप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतात. ज्यांच्या आईच्या डोळ्यांना काही झालेलं नाही असे लोकही ते शेवटपर्यंत ऐकतात.

एवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानायला हरकत नव्हती. पण भाच्याचा मुलगा आता मोठा झालाय.

मागच्या हंगामात त्यानं दुकानात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. गोल दिवा लावला, दोन माइक, मागं कुंडीतलं प्लॅस्टिकचं झाड. बियाण्यांच्या दुकानात प्लॅस्टिकचं झाड! पॉडकास्ट आता नुसता ऐकायचा राहिलेला नाही, बघायचाही झालाय. त्यानं तात्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. टोपीवरून की टोपीखालून, यावर थोडी चर्चा झाली. तात्यांनी आपण होऊन वरचं बटण लावलं.

“आजोबा, तुमच्या इन्स्पायरिंग जर्नीबद्दल आमच्या प्रेक्षकांना काय सांगाल?”

“सर्व प्रेक्षक बांधवांस,” तात्यांनी सुरुवात केली.

तेवढ्यात सावरगावचं एक गिऱ्हाईक आत शिरलं. कॅमेरा, दिवा, झाड कशालाच न जुमानता ते सरळ मधोमध आलं आणि खिशातून पान काढून तात्यांच्या मांडीवर ठेवलं. तात्यांनी हेडफोन गळ्यात ओढला, पान उलटं करून त्या गोल दिव्याच्या उजेडात धरलं. उजेड बाकी चांगला होता. “कवापासून झालंय ह्ये? आन् तुला कुणी सांगितलं रं दोन औषधं एकत्र मारायला? त्यानं दिली व्हय? त्याच्या बापानं कधी सोयाबीन बघितलंय का?” तिथून जी गाडी सुटली ती त्या रानातल्या पाण्याच्या निचऱ्यावर गेली, बांधाच्या भांडणावर गेली, पोरीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनवर गेली आणि वीसेक मिनिटांनी ‘काय नको मारू आत्ता’वर येऊन थांबली. कॅमेरा सगळा वेळ चालूच होता.

भाच्याच्या मुलानं तो भाग कापला. म्हणे, मध्येच गिऱ्हाईक आल्यामुळं डिस्टर्ब झालं.